समाजवाद, भांडवलशाही आणि कराचा पैसा : काही गैरसमज

आमच्या मंडळाच्या वतीने दर रविवारी विहाराच्या ओसरीवर अभ्यासवर्ग भरतो. बाभुळगाव आणि आसपासच्या खेड्यांतील, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तेथे येतात. बँकेची नोकरी सांभाळून आम्ही त्यांना अर्थशास्त्राचा भाग जमेल तसा समजावून सांगतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, अर्थशास्त्र हा आमच्या पदवीतला एक विषय. त्यामुळे या क्षेत्रात फार मोठा अधिकार असल्याचा आमचा दावा नाही. परंतु मागे एका रविवारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्या दिवशी आम्हाला धड देता आले नाही. तो म्हणाला, "काका, कॉलेजातला एक जण मला म्हणाला, तुमची स्कॉलरशिप म्हणजे आमच्या बापाच्या टॅक्सचा पैसा. असा फुकटचा पैसा वाटणे म्हणजेच समाजवाद. हे खरे आहे का?"

मुलगा रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि म्हणूनच आम्ही जास्त अस्वस्थ झालो. अशीच वाक्ये आम्ही बँकेत जेवणाच्या सुट्टीतही ऐकतो. पगारपत्रक हाती आले की कोणीतरी म्हणतोच, "आपण कापून घ्यायचे आणि यांनी बसून खायचे." या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मुलाचे उत्तर थोडे सविस्तर लिहावे असे ठरवले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. आपल्या भागातले उदाहरण घ्यायचे तर कापसाचे जिन घ्यावे. कोणी एक शेठ जमीन घेतो, यंत्रे बसवतो, बँकेकडून खेळते भांडवल उचलतो, शेतकऱ्याकडून कापूस विकत घेतो, मजूर लावतो, आणि रुई वेगळी, सरकी वेगळी करून गाठी बाहेर पाठवतो. शेतकऱ्याला भाव दिला, मजुराला मजुरी दिली, बँकेला व्याज दिले; यानंतर जे उरले ते शेठचे. तोटा आला तर तोही त्याचाच. यंदा जिन चालवायचे की बंद ठेवायचे, किती माणसे लावायची, कोणत्या भावाने कापूस घ्यायचा, हे तो नफा पाहून ठरवतो. उत्पादनाची साधने खासगी मालकीची, निर्णय मालकाचा आणि नफा ही प्रेरणा, अशी जी व्यवस्था तिला भांडवलशाही म्हणतात. भांडवलशाही ही शिवी नव्हे, ते एका व्यवस्थेचे नाव आहे.

आता तेच जिन समाजाच्या मालकीचे झाले, म्हणजे सरकारचे, सहकारी संस्थेचे किंवा कामगारांचे झाले, आणि ते चालवण्याचा निर्णय नफ्यापेक्षा समाजाची गरज पाहून होऊ लागला, व उरलेला पैसा एका घरात न जाता सर्वांकडे गेला, तर ती समाजवादाची दिशा झाली. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. रशियात एक झाला, युरोपातल्या लोकशाही पक्षांनी दुसरा सांगितला. पण सर्वांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो : साधनांचा मालक कोण?

या दोन्ही व्याख्यांमध्ये "कर" हा शब्द कोठेही आलेला नाही, इकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. कर भांडवलशाहीतही असतो आणि समाजवादातही. राजेशाहीतही होताच. कर गोळा करून त्यातून रस्ता, दवाखाना, शाळा किंवा शिष्यवृत्ती देणे एवढ्यानेच कोणताही देश समाजवादी होत नाही. अ‍ॅडम स्मिथला भांडवली अर्थशास्त्राचा आद्य पुरुष मानतात. त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात संरक्षण आणि न्यायदानाबरोबरच, ज्या सार्वजनिक कामांत खासगी माणसाला नफा नाही अशी कामेही राज्याची म्हणून सांगितली आहेत. जर्मनीच्या बिस्मार्कची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याने १८७८ साली समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यानेच १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला. समाजवाद येऊ नये म्हणून त्याने तो आणला होता! तेव्हा सरकारने गरिबाला काही दिले की तो समाजवाद, हा हिशेब चुकीचा आहे.

मग आपल्या यवतमाळ जिल्ह्याने समाजवाद कधी पाहिला काय? आमच्या मते पाहिला, आणि तोही कापसातच. त्याचे नाव एकाधिकार कापूस खरेदी योजना. महाराष्ट्राने १९७१ साली त्यासाठी कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती सुरू झाली. राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस शासनाच्या वतीने खरेदी करणाऱ्या पणन संस्थेलाच विकायचा. खासगी व्यापाऱ्याला खरेदीची मनाई. शासन हमीभाव देणार, गाठी शासन विकणार, आणि विक्रीत जास्त पैसा आला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला परत मिळणार. शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याकडेच राहिली, म्हणून हा पूर्ण समाजवाद नव्हे. परंतु एका पिकाचा संपूर्ण व्यापार खासगी हातांतून काढून समाजाच्या हाती देण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याकडे दुसरा झाला नसेल.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना खरेदी केंद्रापुढे लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा आठवत असतील. आम्हीही लहानपणी गाडीखाली पोते अंथरून त्या रांगेत झोपलेलो आहोत. माप होईपर्यंत रात्री जात, ग्रेड लावणाऱ्याचा शब्द शेवटचा असे, आणि चुकारा वेळेवर मिळेलच याची खात्री नसे. पण एक खरे की, लहान शेतकऱ्याला काट्यावर उभे राहताना आजचा भाव काय हे माहीत असे. व्यापाऱ्याच्या दारात तो भाव पाडून घ्यावा लागत नसे. बाहेर बाजार तेजीत असला की आपल्या जिल्ह्यातला कापूस चोरवाटांनी सीमेपलीकडे आदिलाबादकडे जाई, आणि बाहेर मंदी असली की सगळाच कापूस शासनाच्या काट्यावर येई. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल नाही आणि तोट्याच्या वर्षी मालच माल! त्यात निवडणुकीच्या तोंडावर हमीभाव वाढवण्याचा मोह. तोटा साचत गेला आणि तो शेवटी राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे कराच्या पैशावर आला. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडले आणि एकाधिकार संपला. पुढे आपल्या जिल्ह्याचे नाव कोणत्या कारणाने देशभर झाले ते येथे लिहिण्याची गरज नाही. एकाधिकार वाईट होता म्हणून खुला बाजार शेतकऱ्याला तारील, असे ज्यांना वाटत होते त्यांनी आणि खुला बाजार आला म्हणूनच सगळे बुडाले असे म्हणणाऱ्यांनीही, दोन्ही काळांतल्या खरेदी केंद्रांवर एकेक दिवस उभे राहिलेल्या माणसाशी बोलावे.

आम्ही ज्या क्षेत्रात नोकरी करतो तेही याच मालकीच्या प्रश्नातून गेले आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँका आणि १९८० साली आणखी ६ बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्याआधी १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन महामंडळ स्थापन झाले. आज त्या महामंडळाचे काही भाग बाजारात विकले गेले आहेत आणि सरकारी बँकांतही खासगी भागधारक आहेत. तरीही बहुतांश मालकी सरकारचीच आहे. म्हणजे आपली व्यवस्था पूर्णपणे ना ही, ना ती. पाठ्यपुस्तकात तिला मिश्र अर्थव्यवस्था म्हणतात.

या विषयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जाते, म्हणून विद्यार्थ्यांनी तारखा नीट लक्षात ठेवाव्यात. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा हा राज्याचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाने विमा उतरवावा, शेती हा राज्याचा उद्योग करून जमीन गावकऱ्यांना जातीचा भेद न करता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, जमीनमालकाला मोबदला म्हणून कर्जरोखे द्यावेत, अशी ती योजना होती. आणि हे सारे घटनेतच लिहून टाकावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताला ते सहज पुसता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ज्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, त्याला मालकाच्या मर्जीवर सोडले तर त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हा त्यामागचा विचार.

परंतु दीड वर्षाने, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत "समाजवादी" हा शब्द घालण्याची सूचना मांडली तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. आपला समाज आर्थिकदृष्ट्या कसा रचायचा हे पुढच्या लोकांनी काळ पाहून ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत. आणि मार्गदर्शक तत्त्वांत त्या दिशेच्या तरतुदी आधीच आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. हा विरोधाभास आहे काय? आम्हाला तरी तसे वाटत नाही. पहिल्या वेळी ते आपल्या पक्षाचे म्हणणे मांडत होते, दुसऱ्या वेळी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून सर्वांसाठीच्या घटनेचे उत्तर देत होते. तरीही आमच्या वर्गातल्या एका मुलीने यावर आमच्याशी अर्धा तास वाद घातला. तिचे म्हणणे असे की १९४७ चेच बरोबर होते. असो.

"समाजवादी" हा शब्द पुढे १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सरनाम्यात आला. तो काढावा यासाठी केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या आणि आपल्या संदर्भात या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे, खासगी उद्योगाला त्याने अडथळा होत नाही, असे स्पष्ट केले. त्याच महिन्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतील जुन्या इमारतींच्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा बहुमताने निर्णय दिला. परीक्षेला हे दोन्ही निर्णय विचारले जाऊ शकतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नातील दुसऱ्या भागाकडे, म्हणजे "आमच्या बापाच्या टॅक्सचा पैसा" याकडे येतो. त्यासाठी आमच्याच पगारपत्रकातली एक ओळ दाखवतो. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये आमच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून कापले जातात. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे याहून जास्त घेताच येत नाही. १९८८ च्या घटनादुरुस्तीपूर्वी ही मर्यादा २५० रुपयांची होती. हा कर महाराष्ट्रात कशासाठी आला, हे आमच्या बरोबरीच्या दहा जणांना विचारले. दोघांना माहीत होते.

तो रोजगार हमीसाठी आला. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना छोट्या प्रमाणावर करून पाहिली होती. पुढे १९७२-७३ चा दुष्काळ आला. त्याच्या ऐन भरात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. माणसाला भीक नको, काम हवे आहे, हे तेव्हा सरकारला डोळ्यांनी दिसले. काम द्यायचे तर पैसा हवा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन अशा काही गोष्टींवरच्या जादा कराची जोड मिळाली, आणि जेवढे या करांतून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला १ रुपया होती आणि तो मिळाल्याची उदाहरणे फारच थोडी. तरीही मागेल त्याला काम हा कायद्याने दिलेला हक्क झाला.

आमची आई या कामावर जात असे. गावाजवळच्या पाझर तलावाच्या पाळीवर माती टाकण्याचे काम. चौकड्या खणायच्या, घमेल्याने माती वाहायची, आठवड्याने मोजमाप होऊन मस्टरवर अंगठा. बाईला आणि पुरुषाला दर एकच, हे तिला मोठे अप्रूप होते. कारण शेतात निंदणाची मजुरी आणि गड्याची मजुरी यांत फार अंतर असे. आमच्या सातवी-आठवीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या मजुरीतून निघाला. म्हणजे मुंबईतल्या कोणा कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे फिरत-फिरत आमच्या दप्तरात आले, आणि आज आमच्या पगारातून कापलेले कोठेतरी कोणाच्या दप्तरात जात असावेत. हे आम्ही एकदा आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, "पैसा सरकारनं देल्ला, पन माती तं आमीच खोदली ना बापू." त्या तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या विहिरींना पाणी वाढले. आमच्याजवळ शेत नव्हते, म्हणून विहीरही नव्हती. फुकट कोणी काय खाल्ले याचा हिशेब मांडायला बसले तर तो असा उलटसुलट निघतो.

रोजगार हमी हा समाजवाद होता काय? नाही. जमीन ज्याची होती त्याचीच राहिली. तो सार्वजनिक पैशाचा एक शहाणपणाचा वापर होता. त्यात खोटी मस्टर झाली, मेलेल्या माणसांच्या नावावर हजेऱ्या लागल्या, जमलेला निधी सगळा रोजगारावर खर्च होत नाही अशी टीका वर्षानुवर्षे झाली. हे झाकण्याचे कारण नाही. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात निवडलेल्या २०० जिल्ह्यांत आपला यवतमाळ होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला. त्यात १२५ दिवस आहेत, पण खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला आहे. व्यवसाय कर मात्र आजही कापला जातो.

राहिली गोष्ट "टॅक्स" कोण भरतो याची. लोकांची समजूत अशी की आयकर भरणारा तेवढा करदाता. साबण, चप्पल, तेलाची बाटली, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचा रिचार्ज यांवर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी विक्रीकर, उत्पादन शुल्क होतेच. पुड्यावरची किंमत कलेक्टरला आणि निंदणाच्या बाईला सारखीच. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर तिचा वाटा मोठा पडतो. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ सालीच मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना उपस्थित केला होता : आयकरात थोड्या उत्पन्नाच्या माणसाला माफी, मग शेतसारा मात्र एक-दोन एकरवाल्याकडूनही का घ्यायचा? कराचा भार ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे असावा, हे त्यांचे सूत्र होते. कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा प्रबंधही प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, म्हणजे कोणाचा पैसा कोणी खर्च करायचा यावरच होता. १९२५ साली तो ग्रंथरूपाने आला. तेव्हा त्या विद्यार्थ्याने आपल्या मित्राला सांगावे, की माझी आईही दुकानात कर भरते, आणि या शिष्यवृत्तीत तिचेही पैसे आहेत.

परंतु एवढे सांगून आपले काम संपते असे नाही. पैसा आपला असेल तर तो कोठे गेला हे पाहणेही आपल्याकडेच येते. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करण्याची पद्धत १९७९-८० पासून आहे. ती पूर्वी विशेष घटक योजना या नावाने ओळखली जाई. ही तरतूद खर्च न होणे किंवा भलतीकडे वळणे ही जुनी तक्रार आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. लाभार्थींमध्ये अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेतच, अशी शासनाची बाजू. ती खोटी नाही. आमच्या घराशेजारच्या दोन भगिनींना ते दीड हजार मिळतात आणि त्यांना त्यांची गरज आहे. पण वसतिगृहाच्या नावाने ठेवलेला पैसा घरखर्चाला दिला, तर वसतिगृह कोणत्या पैशातून व्हायचे? याला ना समाजवाद म्हणता येईल ना भांडवलशाही. हा सार्वजनिक पैशाच्या वापराचा प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही पक्षाच्या राज्यात विचारावाच लागेल.

गेल्या रविवारी त्या मुलाला आम्ही हे सर्व सांगितले. त्याने वहीत लिहून घेतले, मग जरा थांबून म्हणाला, "काका, मग तुमचे फेब्रुवारीचे तीनशे कुठे गेले, ते आपण विचारायचे का?" आम्ही हसलो, पण त्याने खरोखरच माहितीच्या अधिकाराचा नमुना 'अ' आणला होता. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ आहे, आणि उत्तर ३० दिवसांत यावे लागते. तीनशे रुपयांचा प्रवास कोणतेही कार्यालय सांगू शकणार नाही, म्हणून प्रश्न बदलून असा केला : आपल्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत रोजगार हमीची किती कामे मंजूर झाली, किती पूर्ण झाली, आणि आमच्या महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अद्याप जमा व्हायची आहे. अर्ज दोन झाले, कारण कार्यालये दोन. दुसरा अर्ज त्या १९४७ वाल्या मुलीने आपल्या नावाने केला.